अर्ध्या मिनिटाचा निवाडा

(तृतीय वर्ष, कला)

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने बॉयलरच्या जळणावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. माझ्या मैत्रिणींना तर ते वाटलेच. "अगं, पहिल्या पावसावर लिही, नाहीतर एस. टी.च्या प्रवासावर लिही. भुशावर कोण वाचणार?" असे एकीने मला सुनावले. तिचे म्हणणे खोटे नाही. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपासून ब्रिकेटने भरलेली एक गाडी माझ्या मनाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली आहे. ती आत घ्यावी तर जागा नाही आणि परत पाठवावी तर पाठवण्याचा अधिकार मी एकदा चुकीचा वापरलेला आहे. तेव्हा ती येथेच, वार्षिकाच्या पानांवर, रिकामी करावी म्हणते.

आम्ही मोशीचे. आजचे मोशी म्हणजे उंच इमारती, रुंद रस्ते आणि पुणे-नाशिक रस्त्यावरची वाहनांची न संपणारी रांग. पण १९९७ साली मोशी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले, त्याच्या आधीचे गाव माझ्या आजीने पाहिले आहे. इंद्रायणीच्या काठची शेते, ज्वारी, गावातले नागेश्वराचे देऊळ आणि घरोघरची चूल. आमच्या घरात गॅस आल्याला पुष्कळ वर्षे झाली, तरी मागच्या अंगणात आजीची चूल अजून आहे. न्हाणीचे पाणी आणि बाजरीची भाकरी यांवर तिने गॅसचा हक्क कधीच मान्य केला नाही.

जळणाच्या बाबतीत आजी म्हणजे चालतीबोलती प्रयोगशाळा. बाभळीचा निखारा किती वेळ टिकतो, शेवग्याचे लाकूड कसे कागदासारखे भुर्रकन जळून जाते, कोणत्या लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, हे सारे तिला ठाऊक. लाकूड वाळले आहे की नाही हे ती डोळ्यांनी पाहत नसे, कानांनी ऐकत असे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत आवाज आला तर वाळलेले, बद आवाज आला तर आत ओल. गोवऱ्या विकायला बाई आली की आजी ढिगावरची गोवरी कधी उचलत नसे. कोपरापर्यंत हात घालून तळची काढायची आणि म्हणायची, "वरची गोवरी सगळ्यांचीच वाळलेली असते गं." हे वाक्य मी लहानपणापासून इतके वेळा ऐकले आहे, की ते ऐकू येईनासे झाले होते.

द्वितीय वर्षाची परीक्षा संपली आणि वडिलांच्या ओळखीने मला चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात दोन महिन्यांचे काम मिळाले. कारखान्याचे नाव येथे नको. काम सांगताना 'लॅबमध्ये' असे मी सगळीकडे ऐटीत सांगत असे. प्रत्यक्षात ते फाटकाजवळच्या एका खोलीत होते. बॉयलरसाठी येणाऱ्या जळणाच्या गाड्यांचे नमुने घ्यायचे, नोंदवहीत लिहायचे आणि निकालाची चिठ्ठी काट्यावर पाठवायची.

हे जळण म्हणजे ब्रिकेट. व्यापारात याला पांढरा कोळसा म्हणतात, जरी तो पांढराही नसतो आणि कोळसाही नसतो. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, सोयाबीनचे भुसकट, उसाचे बगॅस, कपाशीच्या पऱ्हाट्या असा शेतातला आणि गिरणीतला उरलासुरला माल बारीक करून यंत्रात प्रचंड दाबाखाली दाबतात. त्या दाबाने आणि उष्णतेने लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. वेगळा डिंक घालावा लागत नाही. बाहेर पडते ती तपकिरी, चकचकीत, मुठीत न मावणारी कांडी. शेतकरी एरवी जे बांधावर पेटवून देतो, त्यावर इथे वाफ तयार होते. पुण्याच्याच 'आरती' या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची रीत बसवली आणि तिला २००२ साली इंग्लंडचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. डॉ. कर्वे म्हणजे आपण वर्गात ज्यांचे 'युगान्त' वाचतो त्या इरावतीबाईंचे चिरंजीव. हे कळल्यावर पाचटाविषयीचा माझा आदर एकदम वाढला, हे कबूल करते. पुढे २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांनाही कोळशाबरोबर शेतातल्या अवशेषांच्या गोळ्या काही प्रमाणात जाळणे बंधनकारक केले. एकूण काय, भुशाला आता भाव आला आहे.

आणि भाव आला की भांडण आले. ब्रिकेट वजनावर घ्यायची की उष्णतेवर? नुसत्या वजनावर घेतली तर पाणी मारलेला माल जड भरतो आणि पाण्याला भुशाचा भाव मिळतो. म्हणून कारखाने 'जीसीव्ही' विचारतात. एक किलो जळण पूर्ण जाळले तर किती किलोकॅलरी उष्णता निघेल, तो हा आकडा. आमच्या फाटकावर हे शब्द चहासारखे चालत. ड्रायव्हर, हमाल, मुकादम, सगळे 'आज जीसीव्ही काय लागली?' असे विचारीत, जणू सोडतीचा आकडा.

हिशोब तसा सोपा आहे. पूर्ण कोरड्या मालात किलोला ४,२५० किलोकॅलरी असतील आणि त्यात शेकडा ९ पाणी असेल, तर किलोत जळणारा माल ९१ भाग उरतो आणि आकडा येतो सुमारे ३,८७०. तेच पाणी शेकडा १९ झाले की आकडा ३,४४० वर उतरतो. शिवाय हे पाणी बॉयलरमध्ये फुकट बसत नाही. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. ती उष्णता धुराड्यातून निघून जाते. आजी ओल्या लाकडाला 'खादाड' म्हणते, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

हा आकडा काढायची जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे बॉम्ब कॅलरीमापी. नाव ऐकून मी पहिल्या दिवशी दाराबाहेर उभी राहिले होते. लॅबच्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "ये आत, याने आजवर एक ग्रॅमच्या वर काही उडवलेले नाही." पोलादाचे एक जाड भांडे, त्यात वाळवून, दळून, गोळी केलेला साधारण एक ग्रॅम नमुना. भांड्यात वातावरणाच्या दाबाच्या पंचवीस-तीस पट दाबाने प्राणवायू भरायचा, भांडे मोजलेल्या पाण्यात बुडवायचे आणि विजेच्या तारेने आत ठिणगी टाकायची. गोळी क्षणात जळून जाते आणि बाहेरचे पाणी दीड-दोन अंशांनी तापते. त्या दीड-दोन अंशांतून उष्णता मोजायची. मापी खरे बोलतो की नाही हे पाहायला अधूनमधून त्यात बेन्झोइक आम्ल जाळतात, कारण त्याची उष्णता ग्रॅमला ६,३१८ कॅलरी हे पक्के ठरलेले आहे. मॅडम हे काम सोवळ्याने स्वयंपाक करावा तशा करीत. पण नमुना वाळवणे, दळणे, गोळी करणे, जाळणे, धुणे हे सारे धरले तर एका गाडीच्या निकालाला दिवस मोडतो. आणि फाटकावर गाड्या तर एकामागे एक उभ्या असतात.

म्हणून त्या वर्षी कारखान्याने नवे यंत्र आणले. शिवणयंत्राएवढे. दळलेल्या नमुन्याची वाटी त्याखाली ठेवायची, कळ दाबायची, आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडे: पाणी इतके, राख इतकी, जीसीव्ही इतकी. ना आग, ना धूर, ना राख. जळण न जाळता त्याची उष्णता सांगणारे हे यंत्र मला आरंभी निव्वळ जादू वाटले.

जादूची गोष्ट मॅडमनी चहाच्या सुट्टीत उलगडून सांगितली. १८०० साली विल्यम हर्शेल लोलकातून सूर्यप्रकाश पाडून वेगवेगळ्या रंगांत तापमापक ठेवत होता. हा हर्शेल मूळचा संगीतकार, बाथ शहरी ऑर्गन वाजवणारा. पुढे दुर्बिणी करू लागला आणि त्याने युरेनस ग्रह शोधला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेला तापमापक सर्वांत जास्त चढला. हेच अवरक्त किरण. त्यातला दृश्य प्रकाशाला लागून असलेला पट्टा आमचे यंत्र वापरते.

पदार्थातले अणू एकमेकांना जणू तारांनी बांधलेले असतात आणि त्या तारा सतत कापत असतात. पाण्यातली प्राणवायू-हायड्रोजनची तार वेगळी, लाकडातली कार्बन-हायड्रोजनची वेगळी. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वरासोबत तिचे वरचे स्वरही घुमतात. खर्जातून गंधार ऐकू येतो, तो कोणी वाजवलेला नसतो. अणूंच्या तारांचेही असे वरचे स्वर असतात आणि या पट्ट्यातला प्रकाश पडला की प्रत्येक तार आपल्या स्वराचा प्रकाश गिळते. पाणी १,४५० आणि १,९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश खूप गिळते. परत आलेल्या प्रकाशात कुठे किती खड्डा पडला ते पाहून आत काय आहे ते ओळखायचे. सेल्युलोज जास्त की लिग्निन जास्त, यावरही आकडा हलतो. सेल्युलोजची उष्णता किलोला सुमारे ४,२०० किलोकॅलरी, लिग्निनची सुमारे ६,०००. कार्ल नॉरिस या अमेरिकन अभियंत्याने १९६० च्या दशकात तिथल्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत धान्यातले पाणी आणि प्रथिने अशी प्रकाशाने मोजून दाखवली. गव्हासाठी निघालेली युक्ती पुढे गव्हाच्या काडापर्यंत आली.

"पण मॅडम," मी विचारले, "या खड्ड्यांवरून ३,८०० की ३,९०० हे त्याला कोण सांगते?"

मॅडमनी बॉम्बकडे बोट दाखवले.

यंत्र येण्यापूर्वी आणि आल्यावरही कित्येक आठवडे त्या नमुन्यामागून नमुना दोन्हीकडे तपासत होत्या. बॉम्बमध्ये जाळून खरा आकडा काढायचा आणि त्याच नमुन्याचे प्रकाशचित्र यंत्राला दाखवायचे. अशा जोड्या पुरेशा जमल्या की गणिताने दोहोंचे नाते बांधायचे. मग नवे चित्र दिसले की यंत्र जुन्या चित्रांशी ताडून आकडा सांगते. म्हणजे यंत्राला उष्णता ठाऊक नसते. मॅडमनी काय काय जाळले, तेवढेच त्याला ठाऊक असते. ज्या जातीचे जळण त्याला कधी दाखवले नाही, त्याविषयी ते आत्मविश्वासाने चुकू शकते. वाळू तर त्याला थेट दिसतच नाही, कारण तिच्यात असे प्रकाश गिळणारे स्वर नाहीत. भुशात वाळू मिसळणारा माणूस यंत्राला फसवू शकतो, राख तोलणाऱ्या बाईला नाही.

"ते हुशार विद्यार्थी आहे," मॅडम म्हणाल्या, "पण गाइड वाचून पास होणारे."

हे ऐकून मला हसू आले. आमच्या वर्गातले पुष्कळ चेहरे डोळ्यांसमोर आले, त्यात माझाही होता.

आता त्या गाडीविषयी.

मेचा शेवटचा आठवडा होता. आदल्या रात्री वळवाची सर येऊन गेली होती. सकाळी फाटकावर सात-आठ गाड्या, मॅडम बैठकीला गेलेल्या, बॉयलरवरून सारखे फोन, आणि मी एकटी. नमुना घेण्याचा नियम मला पाठ होता. गाडीच्या वेगवेगळ्या भागांतून, वरून, मधून, तळातून कांड्या काढायच्या. फोडून त्यांचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असे करत शेवटी ओंजळभर उरेल तो साऱ्या गाडीचा प्रतिनिधी. ते दळून यंत्राला दाखवायचे. यंत्राचे अर्धे मिनिट खरे, पण त्याच्या आधीचा हा अर्धा तास कोणत्याही जाहिरातीत नसतो.

चौथी गाडी अण्णांची होती. सगळेच त्यांना अण्णा म्हणत. नगरकडच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात त्यांनी कर्ज काढून ब्रिकेटचे यंत्र बसवले होते. आसपासच्या कपाशीच्या पऱ्हाट्या गोळा करायच्या, कुट्टी करायची, वाळवायची आणि कांड्या पाडायच्या. धोतर, टोपी, खिशाला दोन पेने. गाडीबरोबर ते स्वतः येत, ड्रायव्हरवर सोडत नसत.

त्यांच्या गाडीची ताडपत्री मागच्या कोपऱ्यात फाटलेली होती. मी हमालाला वर चढवायला हवे होते, किंवा स्वतः चढायला हवे होते. मी तसे केले नाही. मागच्या फळीशी उभी राहून हाताला लागल्या त्या चार कांड्या काढल्या. त्या किंचित फुगलेल्या होत्या आणि कडेला भुगा सुटत होता, हे माझ्या बोटांना कळले. डोक्याला कळवायला वेळ नव्हता. चारही फोडल्या, दळल्या, वाटी यंत्राखाली ठेवली.

पाणी १९. जीसीव्ही ३,४४०.

कारखान्याची मर्यादा ३,५०० ची. साठ किलोकॅलरींनी गाडी नापास. मी चिठ्ठी लिहिली आणि शिक्का मारला.

अण्णा खोलीत आले. "ताई, काही चुकलं असंल. माल कडक वाळवलेला हाय. वर पाणी लागलं असंल रातच्याला. आतला बघा."

"अण्णा, मशीनचा आकडा आहे. माझ्या हातात काही नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी किती सहज बोलले! रेशनच्या दुकानात, बँकेत, परीक्षा विभागाच्या खिडकीवर हेच वाक्य ऐकून मी कितीदा चडफडले आहे. ते माझ्या तोंडून बाहेर पडताना मला त्याची चवही लागली नाही. आणि ते खरे तरी कुठे होते? आकडा यंत्राचा होता, पण त्या वाटीत काय घालायचे ते पूर्णपणे माझ्याच हातात होते.

अण्णा वाद घालीत बसले नाहीत. गाडीवर गेले, मधल्या भागातून सात-आठ कांड्या काढून एका गोणीत घातल्या आणि गोणी आमच्या दाराशी ठेवली. "सवड झाली म्हंजे बघा," एवढे बोलून गेले. मागे पाचवी गाडी भोंगा वाजवीत होती.

दोन दिवसांनी मॅडमनी ती गोणी पाहिली. "ही कोणाची?" मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. नमुना केला, काही भाग भट्टीत १०५ अंशांवर वाळत ठेवला, वजन केले. पाणी शेकडा ९. मग गोळी केली, बॉम्ब भरला, पाण्यात बुडवला. तापमापकाचा आकडा चढत होता तेव्हा मी मनात काय म्हणत होते हे सांगायला संकोच वाटतो. मी तो कमी यावा म्हणून देवाला विनवीत होते.

ओलाव्याचा हिशोब धरून आकडा आला ३,८७०.

मॅडमनी तीच पूड यंत्राखालीही ठेवली. यंत्राने सांगितले ३,८५०. यंत्र चुकले नव्हते. पहिल्या दिवशीही चुकले नव्हते. मी त्याला चार भिजलेल्या कांड्या दाखवल्या, त्याने चार भिजलेल्या कांड्यांचा आकडा सांगितला. तो दहा टनांचा आकडा आहे हे त्याने म्हटले नव्हते. ते मी म्हटले होते, शिक्का मारून.

"नोंदवहीत लिही," मॅडम म्हणाल्या. "जसे झाले तसे लिही. माझे नाव, तुझे नाव, वेळ, सगळे." त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. मी लिहिले. माझ्या आजवरच्या लेखनात इतके अवघड गद्य दुसरे नाही. कर्मणी प्रयोग फार मोहात पाडत होता. 'नमुना घेतला गेला', 'गाडी नाकारली गेली'. मॅडमनी खांद्यावरून वाचले आणि म्हणाल्या, "कोणी घेतला?" मी खोडून लिहिले, 'मी घेतला. मी नाकारली.' व्याकरणाच्या तासाला प्रयोगांचा इतका उपयोग होईल असे वाटले नव्हते.

संध्याकाळी मी अण्णांना फोन केला. गाडी परत नेणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी वाटेतल्या एका वीटभट्टीवर पडेल भावाने माल देऊन टाकला होता. पऱ्हाटीवाल्यांचे पैसे द्यायचे राहिले होते. मी सारे सांगितले, चूक माझी होती असेही सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "मशीनला काय कळतंय पोरी? त्याला दाखवशील तेवढंच ते बघणार. तू वर चढायला पायजे व्हतं." मी हो म्हटले. "बरं झालं फोन केला," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर आमच्या फाटकावर दोन गोष्टी नव्या झाल्या. प्रत्येक गाडीचा दुसरा नमुना मोहोरबंद पिशवीत आठ दिवस ठेवायचा आणि माल देणाऱ्याला निकाल मान्य नसेल तर त्याच्यासमोर बॉम्ब लावायचा. दुसरे, नमुना घेणाऱ्याने चिठ्ठीवर गाडीच्या कोणकोणत्या जागेवरून कांड्या काढल्या ते लिहायचे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण त्या अण्णांच्या गाडीच्या पैशांत झाल्या. मी असेपर्यंतच्या महिनाभरात त्यांची गाडी पुन्हा आली नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी आजीला हे सांगितले. वाटले होते, ती म्हणेल, 'बघ, माझे ऐकत नाहीस.' ती म्हणाली, "त्याची पोरंबाळं असतील ना गं?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला त्यांच्या मालातले पाणी ठाऊक होते, राख ठाऊक होती, घरात किती माणसे हे ठाऊक नव्हते.

या अनुभवातून मी यंत्राविरुद्ध मत बनवले आहे असे कोणी समजू नये. उलट, मला आता त्याची गरज जास्त पटली आहे. यंत्र नव्हते तेव्हा फाटकावरचा माणूस मालाकडे नुसते पाहून भाव ठरवी, आणि तो निवाडा कोणी तपासूही शकत नसे. ओळखीच्या माणसाचा माल कायम कोरडा आणि नवख्याचा कायम ओला, असे त्या काळाचे किस्से मी हमालांकडून ऐकले आहेत. अर्ध्या मिनिटाचा आकडा निदान सर्वांना सारखा असतो. शिवाय त्यामुळे दिवसाला एका गाडीऐवजी प्रत्येक गाडी तपासता येते. माझे म्हणणे एवढेच, की मोजणे झटपट झाले म्हणून जबाबदारी झटपट होत नाही. ती यंत्रातून निघते आणि नमुना घेणाऱ्या हातात येऊन बसते. पूर्वी निकालाला दिवस लागे, तेव्हा त्या दिवसात कोणीतरी 'थांबा, पुन्हा बघू' म्हणू शकत असे. आता ते म्हणायला अर्धेच मिनिट आहे, आणि ते म्हणणारे माणूस त्या अर्ध्या मिनिटात जागे असावे लागते.

आमच्या मोशीत या प्रश्नाचे मोठे रूप उभे आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे मोशीच्या डेपोत येतो. आमच्या पिढीला वारा कोणत्या दिशेचा आहे हे नाकाने कळत आले आहे. याच डेपोत कचऱ्यापासून वीज करण्याचा १४ मेगावॉटचा प्रकल्प झाला आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा त्यात वापरायचा अशी योजना जाहीर झाली होती. तिथेही प्रश्न तोच: या ढिगात उष्णता किती आणि पाणी किती? ब्रिकेटची गाडी निदान एका जातीची असते. कचऱ्याच्या गाडीत कागद, नारळाची करवंटी, चिंध्या आणि कालची आमटी एकत्र असतात. त्या गाडीतली मूठभर वस्तू साऱ्या गाडीची प्रतिनिधी कशी होणार? घंटागाडी आली की आई ओला डबा वेगळा आणि सुका डबा वेगळा देते. ते मी पूर्वी निव्वळ नियम म्हणून पाहत असे. आता वाटते, त्या दोन डब्यांत जीसीव्हीचा अर्धा हिशोब दारातच होऊन जातो.

आणि आपल्या महाविद्यालयात? सहा महिन्यांचा अभ्यास तीन तासांत, आणि तीन तासांचे लेखन किती मिनिटांत तपासले जाते हे आपले प्राध्यापक जास्त जाणतात. पहिले पान आणि शेवटचे पान पाहून गुण पडतात, अशी विद्यार्थ्यांत एक लोककथा आहे. तिच्यावर माझा विश्वास नाही, असे येथे लिहून ठेवणेच इष्ट. पण ज्याच्या वरच्या थराला रात्रीच्या पावसाचे पाणी लागले आहे, असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. तोंडी परीक्षेला तो गप्प बसतो आणि मधल्या भागातून कोणी कांडी काढून पाहत नाही. आपण विद्यार्थीही प्राध्यापकांना पहिल्याच तासाला शिक्का मारून मोकळे होतो, हेही खरे.

तृतीय वर्षाचे वर्ग सुरू झाले आणि माझे काम संपले. निघताना मॅडमनी मला आठवण म्हणून एक न जाळलेली बेन्झोइक आम्लाची गोळी कागदात बांधून देऊ केली. मी घेतली नाही. त्याऐवजी अण्णांच्या गोणीत उरलेली एक कांडी मागून आणली. ती आमच्या अंगणात चुलीशेजारी आहे. आजीने एकदा ती उचलली, फरशीवर आपटली, कान दिला आणि म्हणाली, "चांगली वाळलेली आहे की." मग तिने ती चुलीत घालायला घेतली. मी तिच्या हातातून काढून घेतली, आणि का काढून घेतली हे तिला सांगितले नाही.

सकाळी महाविद्यालयात येताना नाशिक रस्त्यावर बस अडकते. शेजारून ताडपत्री बांधलेल्या गाड्या चाकणकडे सरकत असतात. कोणत्या ताडपत्रीखाली काय आहे ते बाहेरून कळत नाही. मी मात्र मागच्या कोपऱ्यात ठिगळ दिसते का, ते नकळत पाहत राहते.